नवीन कांडी लावली की सूत गोळ्यानं सुटतंय, माग बिघडलाय की कांडी?

आठमाग_इचल

नमस्कार सगळ्यांना, इथं पहिल्यांदाच लिहितोय. इचलकरंजीत आमचे आठ प्लेन (साधे, कांडी हातानं बदलायचे) पॉवरलूम माग आहेत, खर्चीवर चालवतो, म्हणजे बीम (ताण्याच्या धाग्यांचा रूळ) आणि वेफ्टचं म्हणजे बाण्याचं सूत व्यापाऱ्याचं आणि आम्हाला मीटरवर मजुरी. आधी वडील बघायचे सगळं, दोन वर्षांपूर्वी त्यांचा दमा वाढला तसा मी पुण्यातली नोकरी सोडून कारखान्यात बसायला लागलो. माग चालवता येतो, बीम जोडून घेता येतं, पण बिघाड शोधायचं खोलातलं ज्ञान मला नाही हे आधीच सांगतो.

सध्या ५२ पन्ना (५२ इंच रुंद) पॉपलीन चालू आहे, वेफ्ट ४० नंबर कॉटन, ७२ पीक (इंचाला ७२ बाण्याचे धागे). गेल्या तीन आठवड्यांपासून असं होतंय की भरलेली कांडी (बाण्याचं सूत गुंडाळलेली नळी) धोट्यात (ताण्यातून इकडून तिकडं बाणा नेणारा तुकडा) घालून माग चालू केला की पहिल्या एक-दोन मिनिटांतच कांडीच्या टोकाकडून पाच-सहा वेढे एकदम निसटतात आणि त्यांचा गुंता तसाच कापडात विणला जातो. कामगाराच्या नजरेला पडलं तर तो थांबवून पीक काढतो, नाही पडलं तर थेट घडी घालताना दिसतं. मागच्या खेपेला ११ तागे परत आले आणि उरलेल्यावर मजुरी कापली. आठ मागांचा कारखाना किती कमावतो ते इथल्या लोकांना सांगायला नको, अशा दोन खेपा गेल्या तर लाइट बिल भरायला पैसे राहत नाहीत.

आमच्या जॉबरनं (माग दुरुस्त करणारा) पिकर (धोट्याला धक्का देणारा भाग) बदलले, दोन मागांच्या पिकिंग स्टिक (पिकर हलवणारे दांडे) बदलल्या, धोटे घासून घेतले, फरक शून्य. तो म्हणतो कांडीचा दोष आहे, कांडी भरणाऱ्या मावशी म्हणतात मी गेली वीस वर्षं अशीच भरते, माझा काही दोष नाही. दोघंही माझ्यापेक्षा वयानं आणि कामानं मोठे, मी कुणाला काय बोलू? महिन्यापूर्वी एक शेड बंद झाली तिथून ३०० प्लास्टिकच्या कांड्या जुन्या घेतल्यात, त्याआधी सगळ्या लाकडी होत्या, हे पण सांगून ठेवतो. कुणाला असा अनुभव असेल तर नक्की सांगा.

जॉबर_३२वर्षं

भावा आधी एक काम कर, पैसे खर्च करायचं थांबव. पिकर बदल, स्टिक बदल असं एकेक बदलत बसलं की शेवटी कशानं बरं झालं ते बी कळत न्हाई.

आधी हे ठरव की दोष मागाबरोबर राहतोय का कांडीबरोबर फिरतोय. ज्या मागावर जास्त गुंता पडतोय त्यो एक घे आणि ज्यावर सगळ्यात कमी पडतोय त्यो एक घे. दोन्हीकडच्या कांड्यांच्या पाट्या अदलाबदल कर, एक पूर्ण पाळी तसंच चालव. गुंता कांड्यांसंगं दुसऱ्या मागावर गेला तर कांडी मशीनकडं बघायचं, त्याच मागावर राहिला तर पेटी (धोटा जाऊन थांबतो ती), पिकिंग, ब्रेक हे बघायचं. आणि कांडी मशीनला जेवढे स्पिंडल (कांडी फिरवणारे दांडे) आहेत तेवढ्या रंगांचे ठिपके कांडीच्या बुडाला लाव, ऑइल पेंट नसला तर नेलपॉलिश चालतं. एक नंबर स्पिंडलची कांडी लाल, दोनची निळी असं. गुंता झाला की कामगारानं फक्त रंग भिंतीवर खडूनं मांडायचा. दोन दिवसांत भिंतच सांगती कुठलं स्पिंडल बिघडलंय. मी हे माझ्या उस्तादाकडनं शिकलो आणि आजपर्यंत कधी फसलेलं न्हाई.

प्लास्टिक कांडीबद्दल म्हणशील तर ती वाईट नसती, पण जुनी घेतली म्हणतोस तर तिच्या अंगावरच्या खाचा बोट फिरवून बघ. त्या खाचा सूत धरून ठेवायसाठीच असतात, त्या झिजून गुळगुळीत झाल्या की सूत बसायला जागाच न्हाई, वेढे घसरणारच. लाकडी कांडीची बी तीच गोष्ट, फक्त लाकूड थोडं खरबरीत असतं म्हणून जास्त दिवस निभावतं.

आणि वाईट वाटून घेऊ नको पण मावशीला काय बोलायच्या आधी तिच्या शेजारी तासभर बसून बघ ती कशी भरती.

आठमाग_इचल

मामा, सांगितलं तसं केलं. अदलाबदल केल्यावर गुंता बऱ्यापैकी कांड्यांबरोबर गेला. ३ नंबरचा माग आणि ७ नंबरचा माग मात्र कुठलीही कांडी लावली तरी थोडा गुंता देतातच. रंगाचे ठिपके पण लावले, आमचं मशीन १२ स्पिंडलचं आहे. मला वाटलेलं एखाद-दुसरं स्पिंडल निघेल, पण भिंतीवर जवळजवळ सगळे रंग आले, त्यातल्या त्यात चार स्पिंडल जास्त. प्लास्टिक आणि लाकडी दोन्हींत होतंय, प्लास्टिकमध्ये जास्त. आता मला कळेना की बाराच्या बारा स्पिंडल एकदम कशी बिघडतील.

वेफ्टफोर्क

मी इचलकरंजीच्या डीकेटीई कॉलेजमधून टेक्स्टाइल केलं, आता गुजरातमध्ये रेपियरच्या (बिनधोट्याच्या मागांच्या) शेडवर आहे, तिथं कांडीचा विषयच नाही, कोनवरून (सुताच्या शंकूसारख्या गुंडीवरून) सूत सरळ फीडरवर आणि तिथून मागात. पण पहिली चार वर्षं प्लेन मागावरच काढलीत म्हणून लिहितोय. याला आम्ही स्लफिंग म्हणायचो. बारा स्पिंडल एकदम बिघडत नाहीत हे तुमचं बरोबर आहे, म्हणजे बाराही स्पिंडलना जे समान आहे तिकडं बघायला पाहिजे. मग उरतं काय तर सूत, त्याला दिलेला ताण, मशीनचा वेग, आणि भरणाऱ्याचा हात.

थोडं कांडी कशी बनते त्यावर बोलतो कारण अनेकांना वाटतं की सूत नुसतं गुंडाळायचं असतं. कांडीवर सूत बुडाकडून टोकाकडे उताराउतारानं बसतं. गाइड (धागा नेणारा भाग) थोड्याशाच अंतरात मागंपुढं होत राहतो, आम्ही हा उतार साधारण दीड इंचाच्या आसपास ठेवायचो, आणि प्रत्येक फेरीला पूर्ण जागा थोडीथोडी पुढं सरकत जाते. त्यामुळं सूत सुटताना सगळ्यात वरचा उतार आधी सुटतो आणि धागा टोकावरून सरळ निघतो. आता धोटा जेव्हा पेटीत जाऊन आदळतो तेव्हा धोटा थांबतो पण कांडीवरचं सूत त्याच जोरात पुढं जायला बघतं. वेढे घट्ट असतील तर ते जागेवर राहतात, सैल असतील तर उतारावरून पाच-सहा एकदम घसरतात. एवढंच आहे स्लफिंग. म्हणून नवीन भरलेल्या कांडीला हे जास्त होतं, कारण सूत अगदी टोकापर्यंत भरलेलं असतं आणि घसरायला मोकळं असतं. टोकाला थोडी जागा सोडून भरायला सांगा, टोकापर्यंत ठासून भरली की दोन मीटर जास्त कापड निघतं असं वाटतं पण तसं काही निघत नाही, पुढं हिशोब देतो.

तुमचं मशीन बहुतेक थ्रेडवाल्या रॉडचं असणार. त्या रॉडवर एक छोटं दातेरी चाक असतं, कांडीवरचं सूत जाड होऊन त्या चाकाला टेकलं की चाक थोडं फिरतं आणि गाइड पुढं सरकतो. म्हणजे कांडीची जाडी ते चाक ठरवतं. चाकात रुई अडकली की ते फिरायला कंटाळा करतं, सूत एकाच जागी बसत राहतं आणि कांडीला मध्येच पोट येतं. असली पोटवाली कांडी धोट्याच्या आतल्या भिंतीला घासते आणि तिथंच तुटते किंवा सुटते. ज्या चार स्पिंडलना जास्त दोष आहे त्यांची चाकं आधी बघा.

आणि बाराही स्पिंडलना समान असणारी गोष्ट म्हणजे ताणाच्या डिस्क. दोन छोट्या वाट्यांसारख्या डिस्कमधून धागा जातो आणि वर वॉशरचं वजन असतं. त्या डिस्कच्या मधे रुई साचली की वरची डिस्क उचललेली राहते, वॉशर तेवढेच दिसतात पण धाग्यावर वजन पडतच नाही. कॉटनला हे रोजचंच आहे. पाळी सुटताना ब्रशनं काढलं पाहिजे.

आता हिशोब. ४० नंबरचं सूत एका ग्रॅममध्ये साधारण ६७ ते ६८ मीटर भरतं. कांडीवर २५ ग्रॅम सूत धरलं (तुम्ही तुमची रिकामी आणि भरलेली कांडी वजन करून बघा) तर जवळजवळ १७०० मीटर झालं. ५२ पन्न्याला फणीत कापड थोडं जास्त रुंद असतं, १.३८ मीटर धरू, म्हणजे एका कांडीत १२२५ च्या आसपास पीक. ७२ पिकानं भागलं तर १७ इंच कापड. माग मिनिटाला १४० पिकाचा असेल तर पावणेनऊ मिनिटांत कांडी संपली. आणि १०० मीटरच्या एका ताग्यात २३० कांड्या जातात! भाऊ हा आकडा लक्षात ठेवा. शंभरातली एक कांडी सैल असली तरी प्रत्येक ताग्यात दोन गुंते आलेच. माग कितीही सुंदर सेट केला तरी २३० वेळा तुम्ही कांडीवाल्याच्या हातावर अवलंबून आहात.

(ऑटोमॅटिक मागाला तर कांडीच्या बुडाला बंच म्हणून तीन-चार पिकांचं जादा सूत वेगळं गुंडाळावं लागतं, म्हणजे फीलरला कांडी संपल्याचं कळून नवी कांडी बसेपर्यंत पीक चुकू नये. प्लेन मागाला ते लागत नाही.)

कांडीवालीची_लेक

मी इथं फक्त वाचते, लिहीत नाही, पण हा धागा वाचून राहवलं नाही. माझ्या आईनं २६ वर्षं कांडी भरली, इचलकरंजीतच, तीन वेगवेगळ्या शेडमध्ये. तिच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर धाग्यानं पडलेली चीर अजून आहे, काम सोडून सात वर्षं झाली तरी भरली नाही.

दादा, तुम्ही सगळं मशीनचं विचारलंत, मावशींना मजुरी कशी देता ते नाही लिहिलंत. किलोवर देता का? कारण मी लहानपणापासून हे बघितलंय. किलोवर मजुरी असली की धागा तुटणं म्हणजे कांडीवालीचं नुकसान, मालकाचं नाही. धागा तुटला की ते स्पिंडल थांबवायचं, टोक शोधायचं, गाठ मारायची, परत चालू करायचं, तोवर बाकीच्या स्पिंडलवर दुसरा तुटलेला असतो. बारा स्पिंडलवर एकटी बाई असते. सूत चांगलं असलं तर तिची चहाला उठायची सुद्धा सोय होते, सूत कच्चं असलं तर दिवसभर नुसती पळापळ आणि संध्याकाळी किलो कमी. मग ती काय करते? वॉशर काढते. एक वॉशर काढला की तुटणं निम्म्यावर येतं. माझ्या आईनं हे केलंय आणि तिच्याबरोबरच्या प्रत्येक बाईनं केलंय. त्यात त्यांची बेइमानी नाही, घरी दोन पोरं असतात.

म्हणून मला वाटतं तुम्ही त्यांना "तुमच्या कांडीत दोष आहे" असं म्हणू नका. "मावशी, सूत तुटतंय का अलीकडं?" एवढंच विचारा आणि ऐकून घ्या. तीन आठवड्यांपूर्वी सुताचा लॉट बदलला होता का तेही आठवा.

अजून एक, विषय थोडा वेगळा आहे पण कांडीशीच आहे. तुमच्या कारखान्यात धोट्याच्या डोळ्यातून धागा कसा काढतात? माझा मामा माग चालवायचा, तो तोंडानं ओढायचा. नवी कांडी लावली की धोट्याच्या भोकाला ओठ लावायचे आणि जोरात श्वास आत घ्यायचा की धागा बाहेर. रुई पण आत जाते आणि तोच धोटा दुसऱ्या पाळीत दुसऱ्याच्या तोंडाला लागतो. मामाला टीबी झाला होता, त्याच शेडमधल्या अजून दोघांना पण झाला होता. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये ही पद्धत १९११ मध्ये कायद्यानं बंद केली होती हे मी नंतर वाचलं आणि मला रडू आलं. वर वेफ्टफोर्क दादांनी सांगितलेला हिशोब बघा, पावणेनऊ मिनिटाला एक कांडी, चार माग एका माणसाकडं, माग मधेमधे थांबतात ते धरलं तरी बारा तासांच्या पाळीत अडीचशेच्या घरात कांड्या बदलायच्या. म्हणजे अडीचशे वेळा तोंड लावायचं. बारीक तारेचा हुक मिळतो, आणि चीर असलेला डोळा असला की धागा वरून सरकवला तरी बसतो. खर्च काहीच नाही, फक्त मालकानं सांगायला पाहिजे.

जॉबर_३२वर्षं

पोरी तू बरोबर लिहिलंस. आमच्यात सगळे तोंडानंच ओढायचे, मी बी ओढलंय पहिली दहा-बारा वर्षं. हुक हातात असून बी ओढायचे, कारण हुकानं दोन सेकंद जास्त लागतात आणि पीकावर मजुरी असती. आता माझ्याकडं जी पोरं शिकायला येतात त्यांना मी पहिल्या दिवशी हुक देतो आणि सांगतो, धोटा तोंडाला लागलेला दिसला तर माझ्याकडं शिकायला यायचं न्हाई.

फाळका_येवला

आमचं हातमागाचं काम, येवल्यात पैठणी. पॉवरलूमचं मला काही कळत नाही पण ताणाचं दुखणं सगळीकडं सारखंच आहे असं वाचून वाटलं म्हणून लिहितो.

आमच्याकडं रेशमाची लड आधी फाळक्यावर चढवतात, असारीवर उकलतात (दोन्ही धागा गुंडाळायची फिरती साधनं) आणि मग बाण्यासाठी रहाटावर कांडी भरतात. रहाट उजव्या हातानं फिरवायचा आणि डाव्या हाताच्या दोन बोटांत धागा धरायचा. वॉशर नाही, डिस्क नाही, जे काय वजन द्यायचं ते त्या दोन बोटांनी. घरातल्या बाया आणि म्हातारी माणसं हे काम करतात, माझी आजी नजर अधू झाल्यावर सुद्धा कांडी भरायची कारण तिला डोळे लागतच नव्हते, बोटाला गाठ लागली की ती थांबायची. गाठ असलेला धागा तिच्या हातून कांडीवर कधी गेला नाही. आता मी सांगतो ते अनुभवाचं आहे, मी कापड बघून सांगू शकायचो की आजची कांडी आजीची की चुलतीची. चुलतीचा हात सैल, तिच्या कांडीनं काठाला धागा थोडा लोंबायचा, मला दर वेळेला बोटानं ओढून घ्यावं लागायचं.

आणि पदराला तर धोटा चालतच नाही. प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली (धाग्याची छोटी गुंडाळी), मोर असला तर एका ओळीत कितीतरी तिल्ल्या लोंबत असतात, एक रंग जिथं संपतो तिथं दुसऱ्या रंगात अडकवून घ्यायचा, म्हणून तर पैठणीचा पदर मागून पण तसाच दिसतो. तिल्ली सैल गुंडाळली की ती आपल्या वजनानं खाली उलगडत जाते आणि सगळ्या तिल्ल्यांचा गुंता होतो, मग अर्धा दिवस सोडवत बसायचं. म्हणून तिल्ली भरताना शेवटी धाग्याचा एक फास टाकतात, तेवढ्यानं ती जागेवर राहते.

रेशीम फार घसरतं त्यामुळं आमच्याकडं हवा कोरडी झाली की जास्त त्रास. तुमचं कॉटन आहे, कॉटनला थोडी ओल मिळाली की सूत ताकद धरतं. उन्हाळ्यात भरलेल्या कांड्यांवर रात्री ओलं फडकं पिळून झाकून बघा.

वेफ्टफोर्क

येवलेकर दादांनी बरोबर सांगितलं, कॉटन ओलं झालं की मजबूत होतं, कमी होत नाही. फक्त एक काळजी घ्या, फडकं ओलं असावं, कांडी भिजू नये. लाकडी कांडी भिजली की फुगते आणि धोट्याच्या क्लिपमध्ये नीट बसत नाही, आणि क्लिपला गंज असेल तर कापडावर पिवळा डाग येतो, तो डाग गुंत्यापेक्षा वाईट.

ताईंनी जे विचारलं ते मला सुचलं नव्हतं. कॉलेजमध्ये आम्हाला शिकवलेलं की वाइंडिंगचा ताण साधारण धागा तुटायच्या ताकदीच्या दहाव्या भागाएवढा ठेवा. आता लॉट कच्चा आला तर तोच वॉशर त्या सुताला जड होणार, तिथं मावशींनी वॉशर काढला असेल तर त्यांच्या जागी मी असतो तरी काढला असता. अशा वेळी वॉशर काढायच्या ऐवजी वेग कमी करायचा असतो. स्पिंडलचा वेग कमी केला की धाग्याला बसणारा झटका कमी होतो, ताण तेवढाच ठेवता येतो आणि तुटणं पण आटोक्यात येतं. मोटरची पुली एक नंबर लहान लावून बघा. अर्थात वेग कमी म्हणजे दिवसाचे किलो कमी, ते कुणाच्या अंगावर पडणार ते आधी ठरवा.

कोन कसे ठेवलेत ते पण बघा. कोनचं टोक गाइडच्या अगदी सरळ रेषेत पाहिजे, कोन तिरका बसला की धागा कोनच्या कडेला घासून निघतो आणि अर्धा कोन संपल्यावर तुटायला लागतो. फुकटची दुरुस्ती आहे.

आठमाग_इचल

उशिरा लिहितोय, मधे आठ दिवस गेले, पण सगळं करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

ताई, तुम्ही लिहिलेलं वाचून मी दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींच्या शेजारी स्टूल टाकून बसलो आणि फक्त एवढंच विचारलं, सूत तुटतंय का. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "एवढे दिवस कुणी विचारलंच न्हाई बघ." लॉट बदलला तेव्हापासून धागा नुसता तुटतोय, पहिल्या दोन दिवसांत त्यांचं रोजच्यापेक्षा बरंच कमी वजन भरलं, मग त्यांनी प्रत्येक स्पिंडलचा एक-एक वॉशर काढून डब्यात ठेवला. डबा काढून दाखवला, बारा वॉशर मोजून. मी तासभर बसलो तेवढ्यात ३१ वेळा धागा तुटला, वॉशर काढलेले असताना सुद्धा. मी चलान काढून बघितलं तर लॉट नंबर खरंच तीन आठवड्यांपूर्वी बदललाय. मी रोज तिथून दहा वेळा जातो आणि मला हे दिसलं नव्हतं, याचं फार वाईट वाटलं.

मग काय केलं ते सांगतो. डिस्क सगळ्या उघडल्या, आत रुईचा थर होता, आठ डिस्कमध्ये तर गठ्ठाच, ब्रशनं साफ केल्या. चाकं पण बघितली, ज्या चार स्पिंडलचे रंग भिंतीवर जास्त होते त्यातल्या तीन चाकांत धागा गुंडाळून बसला होता, ब्लेडनं कापून काढला आणि एक थेंब तेल दिलं. वॉशर परत बसवले. पुली लहान लावली. गुळगुळीत झालेल्या प्लास्टिकच्या कांड्या बाजूला काढल्या, ३०० पैकी ९० निघाल्या. टोकाला बोटभर जागा सोडायची ठरवलं, मावशींनी कांडीच्या टोकाकडं पेनानं रेघ मारून घेतली, त्यापुढं सूत जाऊ द्यायचं नाही.

आणि हा लॉट संपेपर्यंत मावशींना किलोवर नाही, रोजावर पगार, त्यांचा चांगल्या दिवसाचा जो होतो तोच. वडिलांना विचारलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले की आधीच असं करायला पाहिजे होतं. व्यापाऱ्याकडं तुटलेल्या सुताच्या दोन कांड्या आणि लॉटचं चलान घेऊन गेलो, पुढच्या खेपेला दुसरा लॉट द्यायचं कबूल केलंय, कापलेली मजुरी परत देणार नाही म्हणाला.

गुंता जवळजवळ बंद झाला. गेल्या चार दिवसांत सहा मागांवर मिळून दोनच. पण ३ आणि ७ नंबरचं तसंच आहे, मामा तुम्हीच सांगा आता.

धोटा तोंडानं ओढायचं पण विचारलंत ना ताई, आमच्याकडं चौघांतले तिघे ओढत होते. १० हुक आणले, प्रत्येक मागाला दोरीनं एक बांधला आणि दोन जादा ठेवले. एकाला अजून सवय होत नाही, त्याला रोज आठवण करतो.

जॉबर_३२वर्षं

३१ वेळा तासाला म्हणजे ते सूत मागावर सुद्धा त्रास देणार, दुसरा लॉट लवकर माग.

३ आणि ७ चं आता खरोखर मागाचं काम. चालू मागावर पेटीपाशी उभा राहा आणि कान दे. धोटा पेटीत बसताना "ठक्" असा कोरडा आवाज येतो का? चांगल्या मागाचा आवाज दबका येतो, कारण पेटीच्या आतली पट्टी धोट्याला हळूहळू धरून थांबवती आणि पिकर शेवटचा धक्का खातो. पट्टीचं चामडं झिजलं असंल किंवा स्प्रिंग ढिली असंल तर धोटा न थांबता जाऊन पिकरवर आदळतो आणि उलटा उसळतो. उसळला की कांडीतलं सूत घसरलंच, कांडी कितीबी घट्ट असू दे. धोटा पेटीत बसल्यावर मागं किती सरकतोय ते खडूची खूण करून बघ. आणि पिकिंगचा जोर गरजेपेक्षा जास्त असंल तर तो आधी कमी कर, जॉबर लोक धोटा अडकू नये म्हणून जोर वाढवून ठेवतात, मी बी ठेवायचो. जोर तेवढाच ठेवायचा जेवढ्यात धोटा पलीकडच्या पेटीत नीट पोचतो. ब्रेक आणि चामडं बघून झाल्यावर धोट्याच्या आतली फर बघ, ती निघून गेली असंल तर धाग्याला आत काही धरबंध राहत न्हाई, धागा धोट्यात मोकळा नाचतो.

आणि तुझ्या जॉबरला सोबत घेऊन बघ, त्याच्या मागं नको. कांडीचा दोष आहे असं त्यो पहिल्यापासनं म्हणत होता.

आठमाग_इचल

हो मामा, त्याला आजच सांगितलं की तुझं बरोबर होतं. ७ नंबरचं चामडं पार गेलेलं निघालं, उद्या नवीन बसवतोय. ३ नंबरला धोटा अर्धा इंच मागं उसळतोय, चामडं चांगलं आहे, जोरच जास्त दिसतोय. पाळी सुटल्यावर दोघं मिळून बघतो आणि उद्या लिहितो.

कांडीवालीची_लेक

आईला हा सगळा धागा मोठ्यानं वाचून दाखवला. ती म्हणाली मावशींना सांगा, डिस्क साफ करायला दाताचा जुना ब्रश वापरा, मोठ्या ब्रशचे केस आत अडकतात. आणि कोन बदलताना दोन्ही टोकं बांधताना गाठ बारीक मारा आणि शेपट्या कात्रीनं कापा, दातानं तोडू नका, तोडलेली शेपटी लांब राहते आणि ती धोट्याच्या डोळ्यात अडकते.